पत्तालेखन : नवी पेठ, सोलापूर

टपालाचा व ईमेलचा पत्ता लिहिण्याची रीत. नवी पेठ सोलापुरात आहे, तशी पुण्यात आणि जळगावातही आहे. त्यामुळे पेठेपुढे शहर व पिनकोड लिहिणे आवश्यक. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. सोलापूरच्या ४१३ या आरंभीच्या अंकांत बारामती, धाराशिव व लातूरही येतात, म्हणून सहाही अंक हवेत.

ईमेलमध्ये @ च्या डावीकडे वापरकर्त्याचे नाव व उजवीकडे डोमेन असते. मधे मोकळी जागा सोडत नाहीत. डोमेनमध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद नसतो. २०१२ च्या तांत्रिक मानकानुसार पत्ता देवनागरीतही लिहिता येतो, ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. डाव्या भागाची मर्यादा ६४ बाइट. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रेलाही, तीन. म्हणजे ‘नवीपेठ’ १८ बाइटांचे. मराठी पाटीच्या दुकानाला मराठी ईमेलही शोभतो. मात्र अनेक सेवा असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत. तोवर बिलावर रोमन पत्ताही छापावा.