डिस्पोजलच्या मालापासून पिवळ्या मीटरपर्यंत

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमध्ये पिवळ्या रंगाचा एक डिजिटल मल्टिमीटर हमखास दिसतो. किंमत साधारण दीडशे-दोनशे रुपये. तळहातावर मावणारं प्लास्टिकचं खोकं, मधोमध फिरवायचा गोल खटका, एक लाल आणि एक काळी वायर. डीटी-८३० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मीटरने जगभरच्या लाखो विद्यार्थ्यांना आणि हौशी कारागिरांना पहिल्यांदा व्होल्ट मोजायला शिकवलं आहे. इतक्या स्वस्तात इतकं बरोबर मोजणारं साधन मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हौशी माणसाचं टेबल बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी बनलेल्या आणि मग उरलेल्या मालावर उभं राहिलं.

सुरुवात मात्र महागच होती. डोनाल्ड मॅकडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता. टेलिफोनच्या तारा तपासायला जाताना विद्युतप्रवाह, दाब आणि रोध मोजणारी वेगवेगळी यंत्रं बरोबर न्यावी लागत, याचा त्याला वैताग आला होता. त्याने तिन्ही कामं एकाच पेटीत आणली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव पडलं एव्होमीटर, आणि १९२३ मध्ये लंडनच्या एका कंपनीने ती बाजारात आणली. त्याच वर्षी जूनमध्ये बॉम्बे रेडिओ क्लबने मुंबईत आपला पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. म्हणजे मुंबईतलं रेडिओचं वेड आणि ते वेड निभावायला लागणारं साधन एकाच वर्षी जन्माला आले. फरक इतकाच की वेड कोणालाही परवडत होतं. एव्होमीटर परवडे तो पोस्ट खात्याला, रेल्वेला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेला. त्याचं १९५१ मध्ये आलेलं आठवं मॉडेल इतकं भरवशाचं ठरलं की त्याच्या सुधारित आवृत्त्या २००८ पर्यंत बनत राहिल्या.

हौशी लोकांचं नशीब उघडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सैन्यासाठी बनवलेले रेडिओ, मीटर, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, केबलची भेंडोळी असा प्रचंड माल युद्ध संपताच बिनकामाचा झाला. अमेरिकेत तो विकण्यासाठी १९४६ मध्ये स्वतंत्र सरकारी यंत्रणा नेमावी लागली. न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीटवर १९२१ पासून रेडिओची दुकानं होती. ‘रेडिओ रो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात आता विमानांतले रेडिओ फुटपाथवर रचून विकले जाऊ लागले. पुढे १९६६ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी ही वस्ती पाडली गेली आणि शेकडो दुकानं उठली. टोकियोत कांदा नावाच्या भागात युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा रस्त्यावरचा बाजार भरत असे. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला. विक्रेते आकिहाबारा स्टेशनच्या रुळांखालच्या कमानींत शिरले, आणि तिथेच जगप्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक्स बाजार वाढला.

मिशिगनमधल्या बेंटन हार्बरच्या हीथ कंपनीची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळची ही विमानांचे सुटे भाग आणि जोडणीचे संच विकणारी कंपनी. तिचा संस्थापक एडवर्ड हीथ १९३१ मध्ये विमान अपघातात गेला, आणि १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने ती विकत घेतली. युद्धानंतर अँथनीने लष्करी इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा साठा खरेदी केला. त्यातल्या कॅथोड रे ट्यूब वापरून त्याने १९४७ मध्ये ऑसिलोस्कोप घरी जोडायचा संच काढला. किंमत ३९ डॉलर ५० सेंट. तयार ऑसिलोस्कोप तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होता. संचाबरोबरची पुस्तिका इतकी टप्प्याटप्प्याने लिहिलेली असे, की सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा हातात धरणाऱ्यालाही यंत्र उभं करता यावं. हीथकिटने अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन पिढ्या घडवल्या, आणि त्याच्या मुळाशी होता लढाईतून उरलेला काचेचा माल.

भारतात या मालाला नाव पडलं ‘डिस्पोजलचा माल’. सरकारचं डिस्पोजल खातं लष्करी साठ्याची विल्हेवाट लावत असे. ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ हे नाव पुढेही राहिलं आणि त्या नावाचं महासंचालनालय बंद झालं थेट २०१७ मध्ये. डिस्पोजलचे रेडिओ रिसीव्हर घेऊन भारतातल्या हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी, आपली केंद्रं उभारली. मुंबईत चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार हौशी माणसाला पाने, पकडी, जुने मीटर आणि बंद पडलेली यंत्रं पुरवत राहिले. नव्या हत्यारांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवारातली तापकीर गल्ली. कुठे काय मिळतं हे ज्ञान तोंडोतोंडी चाले.

लॅमिंग्टन रोडचा लौकिक आधी वेगळा होता. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला मिळालं. आज तो कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. हा चित्रपटगृहांचा रस्ता होता. ‘शोले’ पाच वर्षं चालला तो इथल्याच मिनर्व्हात. त्या झगमगाटाशेजारी रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं वाढत गेली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि रेडिओ मेकॅनिकांना टीव्हीही शिकावा लागला.

पण मीटर स्वस्त झाला नव्हता. आयातीला परवाना लागे, त्यावर जबर जकात बसे. जपानच्या सानवा कंपनीचा काट्याचा मीटर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवायची गोष्ट होती. या काळात महाराष्ट्राच्या उपयोगी पडलं नाशिक. मोटवाने कंपनीचं मूळ सिंधमधल्या सक्करचं, १९०९ सालचं. पुढे मुंबईत ‘शिकागो टेलिफोन अँड रेडिओ’ या नावाने तिने स्वातंत्र्य चळवळीतल्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. तिच्या नाशिक रोडच्या कारखान्यातला काट्याचा मल्टिमीटर इथल्या तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं टेबलावर होता. स्वीडिश सहकार्याने १९६९ मध्ये सुरू झालेल्या टपारियाच्या पकडी आणि स्क्रू ड्रायव्हरही नाशिकचेच, आणि १९८२ मध्ये नाशिकमध्येच ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स सुरू झाली. हा चांगला, टिकाऊ माल होता. तरीही मोटवानेचा मीटर शाळकरी पोराच्या खिशाला झेपणारा नव्हता. घरात रेडिओ उघडून बसणाऱ्या मुलाकडे बहुधा एक बल्ब, दोन सेल आणि वायरचा तुकडा एवढंच तपासणीचं साधन असे.

चित्र पालटलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका चिपमुळे. अमेरिकेतल्या इंटरसिल कंपनीची ही आयसीएल ७१०६. अ‍ॅनालॉग दाबाचं आकड्यात रूपांतर आणि ते आकडे एलसीडी पडद्यावर दाखवणं, ही दोन्ही कामं ती एकटी करते. जोडीला काही रोधक, काही कपॅसिटर आणि ९ व्होल्टची एक बॅटरी पुरते. तिची मोजण्याची पद्धत फार सुंदर आहे. किती पाणी येतं ते ठाऊक नसलेल्या नळाखाली हंडा ठरावीक वेळ धरायचा, मग ठाऊक असलेल्या तोटीने तो रिकामा करायचा आणि रिकामा व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं. हंडा लहान की मोठा, याने उत्तर बदलत नाही. चिप हेच कपॅसिटरबाबत करते. आधी मोजायच्या दाबाने तो ठरावीक वेळ भारित करायचा, मग ज्ञात दाबाने उतरवायचा. कपॅसिटरचं मूल्य थोडं इकडेतिकडे असलं, चिपमधलं घड्याळ थोडं पुढेमागे असलं, तरी चूक दोन्ही टप्प्यांत सारखी होते आणि कटते. म्हणून स्वस्त भागांतूनही एक टक्क्याच्या आतबाहेरची अचूकता मिळते. अशी अचूकता काट्याच्या महागड्या मीटरलाही सहज साधत नसे.

या चिपच्या नकला निघाल्या. चीनमधल्या कारखान्यांनी तिला प्लास्टिकचं कवचही ठेवलं नाही. सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट सर्किटच्या पट्टीवर चिकटवून त्यावर काळ्या राळेचा थेंब टाकला की झालं. पिवळा मीटर उघडला की दिसतो तो काळा ठिपका हाच. भारतात १९९१ नंतर परवाने सैल होत गेले, १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले, आणि असा माल लॅमिंग्टन रोडला मोकळेपणाने उतरू लागला.

अमेरिकेत हाच मीटर फुकट वाटला गेला. हार्बर फ्रेट हे स्वस्त हत्यारांच्या दुकानांचं जाळं १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ हॉलीवूडमध्ये अॅलन स्मिट आणि त्यांचा मुलगा एरिक यांनी सुरू केलं. सुरुवात टपालाने माल विकण्यापासून झाली, आणि तो माल परत आलेला किंवा दिवाळखोरीत निघालेला असे. इथेही पाया उरलेल्या मालाचाच. पुढे थेट आशियातल्या कारखान्यांकडून खरेदी सुरू झाली आणि दुकानं दीड हजारांच्या वर गेली. वर्तमानपत्रातलं कूपन कापून न्यायचं, काहीही विकत घ्यायचं आणि मल्टिमीटर मोफत न्यायचा, ही त्यांची योजना अनेक वर्षं चालली. तिथल्या कित्येक हौशी लोकांच्या घरी, गाडीत आणि गॅरेजमध्ये असे मीटर सापडतात.

मग किंमत उतरली कुठून? मोजण्यातून नाही, संरक्षणातून. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेले जाड सिरॅमिक फ्यूज असतात, जास्त दाब आला तर तो शोषणारे भाग असतात, आणि वायरींवर जाड आवरण असतं. पिवळ्या मीटरमध्ये काचेचा बारीक फ्यूज एका मापापुरता असतो आणि १० अँपिअरच्या भोकाला बहुतेकदा फ्यूजच नसतो. वायर त्या भोकात राहिली आणि टोकं घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातली, तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. शिवाय बॅटरी उतरली की आतला संदर्भ-दाब घसरतो आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. बॅटरी उतरल्याची खूण दाखवण्याची सोयही पुष्कळदा गाळलेली असते.

गेल्या काही वर्षांत उलटा प्रवाहही दिसतो. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेकने ट्रान्झिस्टर, रोधक, कपॅसिटर आपणहून ओळखणारं एक साधं यंत्र आखून ते सर्वांना खुलं केलं. कार्ल-हाइन्झ क्युबेलरने ते वाढवलं, आणि चीनमधल्या कारखान्यांनी ते काही शे रुपयांत विकायला आणलं. अँटेना तपासणारं नॅनोव्हीएनए हे खिशातलं यंत्रही एका जपानी हौशी अभियंत्याच्या खुल्या आराखड्यातून आलं. ज्या मोजणीसाठी प्रयोगशाळेत लाखो रुपयांचं यंत्र लागे, ती आज हॅम मंडळी काही हजारांत करतात. इथे हौशी माणूस उरलेल्या मालाची वाट पाहत बसला नाही, आराखडा त्याचाच होता.

पिवळा मीटर जरूर घ्यावा, मुलांनाही घेऊन द्यावा. सेल, बॅटऱ्या, खेळण्यातल्या मोटरी, अर्डुइनोचे प्रयोग यांना तो पुरेसा आहे. मात्र घरच्या स्विचबोर्डाला आणि विजेच्या मीटरच्या पेटीला तो लावू नये. स्विचबोर्डाच्या कामासाठी कॅट-३ या सुरक्षा-दर्जाचा, प्रवाह मोजण्याच्या दोन्ही भोकांना फ्यूज असलेला मीटर वेगळा घ्यावा. तो हजार-दोन हजारांत मिळतो, आणि आपल्याकडे नाशिकलाही बनतो.