हवामाननकार आणि धर्मावरचा आळ

विवेकवादी वर्तुळांत गेली वीसेक वर्षे एक समीकरण इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. उत्क्रांती नाकारणारा माणूसच पृथ्वीची तापमानवाढ नाकारतो. दोन्ही नकारांचे मूळ धर्मश्रद्धेत आहे आणि अमेरिकेतले उजवे राजकारण त्या श्रद्धेवर पोसले आहे. तेव्हा श्रद्धा ओसरली की हवामानविज्ञानाचा नकारही ओसरेल. मराठीत विज्ञाननिष्ठ लेखन करणाऱ्या अनेकांनी हे समीकरण जसेच्या तसे उचलले. माझ्या मते ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत मोठी आहे. खऱ्या कारणावरून नजर हटते, आणि नास्तिक माणूस स्वतःच्या मनाची झडती घेणे सोडून देतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इन्हॉफ यांनी तापमानवाढीला थोतांड ठरवणारे पुस्तक २०१२ साली लिहिले. पृथ्वी असेपर्यंत पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन थांबणार नाही, या बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वचनाचा त्यांनी जाहीर आधार घेतला. २०१५ च्या फेब्रुवारीत बर्फाचा गोळा घेऊन सिनेटच्या सभागृहात उभे राहणारे सिनेटर हेच. त्याआधी, २००९ मध्ये, इलिनॉयचे प्रतिनिधी जॉन शिम्कस यांनी संसदीय समितीच्या बैठकीत तेच वचन वाचून दाखवले होते. ईश्वराने घडवलेली हवामानव्यवस्था माणसाच्या हातून बिघडणार नाही असे सांगणारी कॉर्नवॉल अलायन्स ही संघटना आजही काम करते. या मताला विद्वत्तेची पार्श्वभूमीही आहे. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’मधल्या निबंधात पर्यावरणीय संकटाची मुळे माणसाला सृष्टीचा स्वामी मानणाऱ्या ख्रिस्ती दृष्टीत शोधली होती. त्याच निबंधाच्या शेवटी, स्वतः ख्रिस्ती असलेल्या व्हाइट यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे असे सुचवले. निबंधाचा दाखला देणारे बहुधा तो शेवट सांगत नाहीत.

इन्हॉफ आणि शिम्कस खरे आहेत. पण नकाराचा युक्तिवाद आधी कुणी रचला आणि मागून कुणी उचलला, हे तारखा लावून पाहावे लागते.

१९८४ साली वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज सी. मार्शल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे तिन्ही संस्थापक नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते. फ्रेडरिक साइट्झ हे राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. रॉबर्ट जॅस्ट्रो यांनी नासाची गोडार्ड ही अवकाशसंशोधन संस्था उभारली होती आणि स्वतःला ते अज्ञेयवादी म्हणवत. विल्यम नीरेनबर्ग हे स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे दीर्घकाळ संचालक होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून मौना लोआवर घेतलेली मोजमापे याच स्क्रिप्सची. म्हणजे पुरावा ज्या संस्थेत तयार होत होता तिचा प्रमुखच पुढे पुराव्यावर संशय घेणाऱ्यांत सामील झाला. मार्शल इन्स्टिट्यूट रेगन यांच्या अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी योजनेचे समर्थन करण्यासाठी जन्मली होती. शीतयुद्ध मावळू लागले तशी ती हवामानाकडे वळली. १९८९ च्या तिच्या अहवालात तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडले होते, ईश्वराचा त्यात संबंध नव्हता. साइट्झ निवृत्तीनंतर आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचे सल्लागार झाले होते. इतिहासकार नाओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी २०१० च्या ग्रंथात कागदपत्रांनिशी दाखवले की, धूम्रपान, आम्लपर्जन्य, ओझोन आणि तापमानवाढ या चारही वादांत तीच मोजकी माणसे तीच पद्धत वापरत होती. त्यांना धास्ती होती सरकारी नियंत्रणाची. पर्यावरणाच्या आडून समाजवाद येतो आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

ही धास्ती नास्तिकालाही होऊ शकते, आणि झाली. जेम्स रँडी हे विसाव्या शतकातले सर्वांत प्रसिद्ध संशयवादी: जादूगार, नास्तिक, चमत्कार सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ करणारे. डिसेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनची हवामान परिषद चालू असताना, त्यांनी मानवनिर्मित तापमानवाढीबद्दल जाहीर शंका घेतली आणि हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या असलेल्या ओरेगॉन याचिकेचा हवाला दिला. ती याचिका १९९८ सालची. तिच्यासोबतचे पत्र साइट्झ यांचे होते आणि जोडलेला लेख विज्ञान अकादमीच्या नियतकालिकासारखा छापला होता. लेखाशी आपला संबंध नाही असा खुलासा अकादमीला करावा लागला. सही करायला विज्ञानाची साधी पदवी पुरत होती. टीका झाल्यावर रँडींनी आपण नकार देत नसल्याचे स्पष्ट केले. पण चमचे वाकवणाऱ्याची लबाडी क्षणात ओळखणारा माणूस या याचिकेपाशी का अडखळला, हा प्रश्न राहतोच. पेन जिलेट हे दुसरे नास्तिक जादूगार. त्यांच्या २००३ च्या दूरचित्रवाणी मालिकेने पर्यावरणवाद्यांची टर उडवली. ते कट्टर मुक्त बाजारवादी. मायकेल शर्मर यांनी तरुणपणीच इव्हॅन्जेलिकल श्रद्धा सोडली आणि १९९२ मध्ये संशयवाद्यांची संस्था काढली. मात्र तापमानवाढीबद्दलचे आपले मत बदलल्याचे ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी लिहिले ते २००६ साली. देव सुटल्यानंतर बाजारावरचा विश्वास मागे राहिला होता, आणि तो तपासायला त्यांना कित्येक वर्षे लागली.

महाराष्ट्रातल्या विवेकवादी चळवळीने यावर थांबून विचार करावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी हत्यारे घडवली ती बुवाबाजीसाठी: आव्हान स्वीकार आणि चमत्कार करून दाखव. त्या हत्यारांची किंमत दाभोलकरांनी २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात प्राण देऊन चुकवली. त्यांची योग्यता मी कमी लेखत नाही. पण हवामान नाकारणारा भगवी वस्त्रे घालून येत नाही. तो पीएच.डी. घेऊन, आलेख घेऊन, एखाद्या भारदस्त नावाच्या संस्थेचा अहवाल घेऊन येतो, आणि आपण ज्या भाषेला मान द्यायला शिकलो त्याच भाषेत बोलतो.

या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. इयन प्लायमर हे भूगर्भशास्त्रज्ञ. सहा दिवसांत सृष्टी घडली असे मानणाऱ्यांविरुद्ध त्यांनी १९९४ साली पुस्तक लिहिले, १९९५ मध्ये देशातल्या मानवतावाद्यांनी त्यांना वर्षाचा मानकरी निवडले, आणि नोहाची नौका सापडल्याचा दावा करणाऱ्या प्रचारकाला त्यांनी १९९७ मध्ये संघीय न्यायालयात खेचले. तो खटला ते बव्हंशी हरले, पण देशभरचे विवेकवादी त्यांच्यामागे उभे होते. तेच प्लायमर खाणकंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसले आणि २००९ साली त्यांनी तापमानवाढ माणसामुळे नाही असे सांगणारा जाडजूड ग्रंथ काढला.

पुढे जे घडले त्याने प्रचलित समीकरण उलटे होते. सिडनीचे आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज पेल यांनी सिनेटला लिहिलेल्या पत्रव्यवहारात हवामानविज्ञानावर आक्षेप घेतले. ऑस्ट्रेलियन हवामान विभागाचे प्रमुख ग्रेग एअर्स यांनी २०११ च्या फेब्रुवारीत संसदीय समितीपुढे ते खोडून काढले आणि त्यांचा उगमही सांगितला: प्लायमर यांचे पुस्तक. म्हणजे कार्डिनलने बायबलचा आधार घेतला नव्हता, सृष्टिवादाचा कडवा विरोधक असलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाचा घेतला होता. त्याच वर्षी पेल यांनी लंडनला ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशनचे वार्षिक व्याख्यान दिले. ती संस्था ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी काढलेली, धर्मसंस्था नव्हे. नकाराचा माल धर्माबाहेर तयार झाला आणि चर्चमध्ये आयात झाला. इन्हॉफ यांच्या बर्फाच्या गोळ्याची गोष्ट सगळे सांगतात. पेल आणि प्लायमर यांची मी मराठीत कुठे वाचलेली नाही, म्हणून इथे थोडी लांबवली.

आकडेही हेच सांगतात. प्यू रिसर्च सेंटरने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गोऱ्या इव्हॅन्जेलिकल प्रोटेस्टंटांपैकी फक्त २८ टक्क्यांनी तापमानवाढ मानवनिर्मित मानली. पूर्वपक्ष इथेच थांबतो. पुढचे आकडे वाचायला हवेत. कोणत्याही धर्माशी नाते न सांगणाऱ्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते, तर हिस्पॅनिक कॅथलिकांत ७७ टक्के. एकच पोप आणि एकच मिस्सा मानणाऱ्या गोऱ्या कॅथलिकांत मात्र ४५. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांची बायबलनिष्ठा गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांपेक्षा तसूभर कमी नाही, तरी त्यांच्यात ५६. श्रद्धा हे कारण असते तर हा क्रम लागलाच नसता. प्यूच्या विश्लेषणातही पक्ष आणि वंश हे घटक धर्मापेक्षा प्रभावी ठरले. २०१७ मध्ये केटलिन ड्रमंड आणि बारूख फिशहॉफ यांनी अमेरिकनांची मते तपासली. उत्क्रांती, महास्फोट आणि मूलपेशी या प्रश्नांवर ती धर्म आणि राजकारण दोन्हींशी जुळत होती. हवामानबदलावर फक्त राजकारणाशी. उत्क्रांती आणि हवामान यांना एकाच माळेत ओवणाऱ्यांना यावर उत्तर द्यावे लागेल. शिवाय शिक्षण आणि विज्ञानाची जाण वाढली तशी दोन तटांतली दरी रुंदावलेली दिसली. डॅन काहान आणि सहकाऱ्यांनाही २०१२ मध्ये हेच आढळले होते. जाणकार माणूस आपल्या गटाचे मत राखण्यासाठी अधिक चांगले युक्तिवाद शोधतो. धर्म घालवून विज्ञान शिकवले की प्रश्न सुटेल ही आशा या निष्कर्षांपुढे टिकत नाही.

उलट बाजूची माणसेही पाहिली पाहिजेत. हवामानावरील आंतरसरकारी मंडळाच्या पहिल्या तीन अहवालांत विज्ञानगटाची धुरा वाहणारे जॉन हॉटन हे वेल्समधले निष्ठावान इव्हॅन्जेलिकल होते. त्यांच्याच प्रभावाने अमेरिकन इव्हॅन्जेलिकल नेते रिचर्ड सिझिक बदलले, आणि २००६ मध्ये ८६ धर्मनेत्यांनी हवामानकृतीच्या बाजूने निवेदन काढले. टेक्सासमधल्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो याच श्रद्धेच्या आहेत. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरचे २०१५ चे परिपत्रक तर सर्वज्ञात आहे. त्यानंतरच्या एका अभ्यासात दिसले की परिपत्रकाची माहिती असलेल्या, राजकीयदृष्ट्या उजव्या कॅथलिकांनी मत बदलण्याऐवजी या विषयातली पोपची विश्वासार्हताच कमी लेखली. धर्म आणि राजकारण समोरासमोर आले तेव्हा हार धर्माची झाली.

आणखी एक विसंगती पूर्वपक्षाने लक्षात घ्यावी. नकारवादीही विरोधकावर धर्माचाच आरोप करतात. कादंबरीकार मायकेल क्राइटन यांनी २००३ मध्ये पर्यावरणवादाला धर्म म्हटले, नोबेलविजेते इव्हार येव्हर यांनी तापमानवाढीला नवा धर्म म्हटले आणि २०११ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटी सोडली, आणि ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान, सश्रद्ध कॅथलिक टोनी अ‍ॅबट यांनी २०१७ मध्ये लॉसन यांच्याच संस्थेच्या व्यासपीठावरून हवामान धोरणांची तुलना ज्वालामुखीच्या देवांना बोकड बळी देण्याशी केली. दोन्ही पक्षांना सारखाच वापरता येणारा आरोप कोणत्याही पक्षाबद्दल काही सिद्ध करत नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे जॉन टिंडाल यांनी १८६० च्या सुमारास प्रयोगशाळेत मोजले, स्वांटे अरेनियस यांनी १८९६ मध्ये त्यावरून तापमानाचा हिशेब मांडला. हे मानायला वा नाकारायला कुणाच्या देवघरात डोकावावे लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग धर्म सोडा, उजवेपण हेच मूळ म्हणा. तेही पुरते खरे नाही. रसायनशास्त्र शिकलेल्या मार्गारेट थॅचर यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीसमोर हरितगृह वायूंचा इशारा दिला आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत तोच मांडला. १९९५ ची बर्लिनची पहिली हवामान परिषद ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाली त्या अँगेला मर्केल ख्रिश्चन डेमोक्रॅट होत्या, पाद्र्याच्या कन्या आणि भौतिकशास्त्राच्या पदवीधर. थॅचर पुढे, २००२ च्या पुस्तकात, संशयाकडे झुकल्या. आणि तिथे त्यांची तक्रार बायबलची नव्हती, हवामान हे जागतिक समाजवादाचे निमित्त ठरते आहे अशी होती. मॅथ्यू हॉर्नसी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दोन डझन देशांतली आकडेवारी तपासली, तेव्हा उजवेपण आणि नकार यांची घट्ट गाठ मुख्यतः अमेरिकेत आढळली, आणि दरडोई उत्सर्जन जास्त असलेल्या देशांत ती अधिक पक्की होण्याकडे कल दिसला. भारतात धर्माधिष्ठित उजवा पक्ष २०१४ पासून सत्तेत आहे. हवामान बदलले नाही, आपण बदललो, असे पंतप्रधान त्या वर्षीच्या शिक्षकदिनी विद्यार्थ्यांना म्हणाले. तरी पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा याच सरकारने फ्रान्ससोबत केली. धर्म अधिक उजवेपण म्हणजे नकार, हे गणित खरे असते तर त्याचा सर्वांत ठळक पुरावा दिल्लीत दिसला असता.

समीकरण बदलले की युक्तिवादही बदलावा लागतो. साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी बॉब इंग्लिस हे धार्मिक आणि उजवे. मुलाच्या आग्रहाने आणि अंटार्क्टिकातले हिमगाभे पाहून त्यांनी मत बदलले, आणि २००९ मध्ये कार्बन कराचे विधेयक आणले. वसूल होणारी रक्कम दुसऱ्या करांतून वजा होणार होती. २०१० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते मोठ्या फरकाने हरले. तिथे त्यांची श्रद्धा कमी पडली नव्हती. पक्षाला अप्रिय असलेले विज्ञान त्यांनी मान्य केले होते आणि वर कराची भाषा केली होती. २०१२ पासून ते आपल्याच पक्षाच्या लोकांना पटवत आहेत की या प्रश्नाला बाजाराच्या चौकटीतही उत्तर आहे. त्यांच्या करप्रस्तावावर माझे मतभेद आहेत. पण समोरच्याला खरी भीती कशाची आहे हे ओळखून ते त्या भीतीशी बोलतात. उत्पत्तीच्या पुस्तकाची चिरफाड करणाऱ्या आपल्या शेकडो लेखांनी त्या भीतीला अजून हातही लावलेला नाही.