बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे : शाळेविना घडलेली बुद्धी

बुलढाण्यात १८५०च्या सुमारास जन्मलेल्या ताराबाई शिंदे यांनी शाळेची पायरी कधी चढली नाही. त्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीच्या ग्रंथांत आज त्याची गणना होते. शालेय शिक्षण, जन्मभराचे वाचन आणि स्वतंत्र विचार करणारी बुद्धी या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत नेहमी एकत्र नांदतात असे नाही. ताराबाईंचे चरित्र याचा मोठा पुरावा आहे.

बुलढाणा ज्यात मोडते तो वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. कचेऱ्या आल्या, तसे शिक्षण हे सरकारी नोकरीचे साधन बनले. स्त्रिया आणि शेतकरी वर्ग यांच्यापर्यंत ते फारसे पोहोचले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली होती, पण ताराबाईंच्या बालपणी बुलढाण्यात तशी सोय नव्हती. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८८३ मध्ये, म्हणजे ताराबाईंचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, अशी साक्ष जोतीरावांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे १८८२ सालीच दिली.

ताराबाईंचे शिक्षण घरी झाले. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचे होते. सुशिक्षित एतद्देशीयांना उद्देशून त्यांनी १८७१ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. एकुलत्या एका मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्नानंतर पती घरजावई म्हणून राहिल्याने ताराबाई माहेरीच राहिल्या आणि त्यांचे वाचन थांबले नाही. मराठा घराण्याच्या रिवाजामुळे घराबाहेरचा वावर मात्र मर्यादित होता.

या वाचनाचा आवाका निबंधात दिसतो. पुराणकथा, वर्तमानपत्रे, ‘मुक्तामाला’सारखी कादंबरी, ‘मनोरमा’सारखे नाटक या सर्वांचा त्या हिशेब मागतात. पुराणांतल्या पतिव्रतांच्या कथा असोत की नव्या कादंबऱ्यांतली स्त्रीपात्रे, ती रंगवणारा पुरुष स्वतः कसा वागतो, हा त्यांचा प्रश्न कायम राहतो.

निबंधाला निमित्त झाले सुरतच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा देण्यात आली. या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या वर्तमानपत्राने समस्त स्त्रीजातीवर टीका केली. शिकलेल्या लेखकांनी त्या विधवेला दोषी ठरवून विषय संपवला, पण ताराबाईंनी ज्या रूढींमुळे तिच्यावर ही वेळ आली त्यांचा विचार केला. पत्नी वारल्यावर पुरुष लगेच दुसरे लग्न करतो, मग विधवेला पुनर्विवाहाची बंदी का? स्त्रियांना जे दुर्गुण चिकटवले जातात, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहिले. इंग्रजी पोशाख आणि रीतिभाती उचलून बायकांना मात्र जुन्या धर्माचे दाखले देणाऱ्या सुशिक्षितांना आणि सभांतून नुसतीच भाषणे देणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी जाब विचारला. पदवीने ज्ञान मिळते, न्यायबुद्धी मिळेलच असे नाही, हे या निबंधाने दाखवून दिले. ही न्यायबुद्धी ताराबाईंकडे होती. वाचनाने तिला भाषा आणि दाखले पुरवले.

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात निबंधाच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे होती. टीका कडवट झाली आणि ती सत्यशोधकांमधूनही झाली. जोतीरावांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू ठामपणे घेतली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. निबंध विस्मरणात गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केला आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्या ताराबाईंचे लेखन आता विद्यापीठांत अभ्यासले जाते.