टेम्प्लेट इंजिनची निवड

टेम्प्लेट इंजिन : पानाचा ठरलेला साचा आणि डेटाबेसमधली बदलती माहिती यांची सांगड घालून संकेतस्थळाचे तयार पान देणारी आज्ञावली.

मराठी वाचकाच्या ओळखीचे उदाहरण १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे. तिथे या सोयीचे नावच ‘साचा’ आहे. शहराच्या माहितीचौकटीत ‘स्थापना’ हा रकाना एकदाच आखला जातो. वसई-विरार महानगरपालिकेसाठी त्यात ३ जुलै २००९ भरले, की मांडणी आपोआप जुळते. साच्यातच अटी आणि हिशेब रचत गेल्याने मोठी पाने मंदावली, म्हणून २०१३ मध्ये विकिपीडियावर लुआ भाषेतील स्वतंत्र विभागांची सोय झाली.

निवडीचा पहिला प्रश्न यातूनच येतो : साच्यात तर्क किती ठेवायचा? २००९ चे मस्टॅश हे इंजिन तो जवळपास टाळते. पायथॉनसाठीचे जिंजा आणि पीएचपीसाठीचे ट्विग अटी, आवर्तने व वारसा (एका साच्यावर दुसरा साचा उभारणे) यांची सोय देतात.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर ब्राउझरने आज्ञा समजून चालवू नये, यासाठी विशेष चिन्हे निष्प्रभ करावी लागतात. ट्विग हे मुळातच करते. जिंजात ती सोय चालू करावी लागते.

त्यानंतर संघाची प्रोग्रॅमिंग भाषा, वेग आणि देखभाल पाहावी.