चौक, खातेवही आणि कादंबरी : ऑक्सफर्ड, मिसिसिपी

विल्यम फॉकनरच्या कादंबऱ्यांच्या वाचकाला 'जेफर्सन' हे गाव आणि 'योक्नापाटॉफा' ही काउंटी अतिपरिचित असते. प्रत्यक्ष नकाशावर ही नावे सापडत नाहीत. सापडते ते ऑक्सफर्ड : अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातले, लाफायेट काउंटीचे मुख्य ठाणे असलेले एक छोटे विद्यापीठी गाव. फॉकनरचे कुटुंब १९०२ मध्ये तेथे राहावयास आले आणि पुढे त्याचे बहुतेक सारे आयुष्य तेथेच गेले. मधोमध न्यायालय, भोवती चौक, चौकाच्या चारही बाजूंना दुकाने, बँका, औषधालये. आज साहित्यप्रेमी पर्यटक या चौकात येतो आणि 'हे जेफर्सन' असे समाधान मानून परततो. जतन केलेली वास्तू भूतकाळ जसाच्या तसा सांगते, असे गृहीत धरल्यामुळे हे समाधान शक्य होते. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहण्याचा प्रयत्न आहे. या चौकातील दुकाने आणि इमारती काय सांगतात, काय सांगत नाहीत, आणि जे त्या सांगत नाहीत ते कुठे नोंदले गेले, हा त्यातील मुख्य प्रश्न.

गावाचा आरंभच एका जमीनव्यवहाराने झाला. हा प्रदेश चिकसॉ या मूलनिवासी लोकांचा. १८३२ च्या पॉन्टोटॉक क्रीक येथील तहाने त्यांना मिसिसिपीतील आपली भूमी सोडावी लागली. १८३६ मध्ये काउंटी अस्तित्वात आली. त्याच सुमारास होका नावाच्या चिकसॉ स्त्रीकडून तिघा गोऱ्या व्यापाऱ्यांनी जमीन विकत घेतली आणि तिच्यातील पन्नास एकर गाव वसविण्यासाठी काउंटीला दिली. १८३७ मध्ये गावाला रीतसर मान्यता मिळाली. 'ऑक्सफर्ड' हे नाव ठेवण्यामागे हिशेब होता : नियोजित राज्य विद्यापीठ आपल्याकडे यावे. तो हिशेब बरोबर ठरला. १८४१ मध्ये विधिमंडळाने अवघ्या एका मताच्या फरकाने या गावाची निवड केली आणि १८४८ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. फॉकनरने 'रिक्विअम फॉर अ नन' (१९५१) मध्ये जेफर्सनच्या नामकरणाची जी कथा रचली, ती याहून फार वेगळी आहे. तेथे एक हरवलेले कुलूप, एक हट्टी टपालवाहक आणि त्याची समजूत घालण्यासाठी गावाला दिलेले नाव अशी विनोदी, जवळजवळ लोककथेसारखी मांडणी येते. कादंबरी म्हणजे वेषांतर केलेला इतिहास नव्हे, हे येथेच लक्षात घ्यावे. शिवाय फॉकनरच्या सृष्टीत ऑक्सफर्ड हे जेफर्सनहून निराळे, विद्यापीठाचे गाव म्हणूनही येते. म्हणजे आपल्या गावातील विद्यापीठ त्याने बाजूला काढले आणि चौक तेवढा जेफर्सनला दिला. ही निवड अर्थपूर्ण आहे. त्याला हवे होते ते न्याय, व्यापार आणि स्मरण यांचे केंद्र, आणि ते चौकात होते.

चौकातील आजच्या इमारतींपैकी बहुतेक १८६४ नंतरच्या आहेत. यादवी युद्धात २२ ऑगस्ट १८६४ रोजी जनरल ए. जे. स्मिथ याच्या सैन्याने न्यायालय आणि चौकातील बहुतेक दुकाने जाळली. माजी केंद्रीय मंत्री जेकब थॉम्प्सन याचा वाडाही त्याच दिवशी आगीत गेला. सध्याची न्यायालयाची इमारत १८७२ ची. ही आग गावाच्या आठवणीत खोल रुतली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु युद्धापूर्वी या काउंटीतील जवळजवळ निम्मी माणसे गुलाम होती. आगीची कथा जितक्या वेळा सांगितली गेली, तितक्या वेळा या माणसांची कथा सांगितली गेली नाही. १९०७ मध्ये न्यायालयाच्या दक्षिणेस दक्षिणी सैनिकाचा पुतळा उभा राहिला आणि चौकाने कोणाचे दुःख स्मरणीय मानले ते दगडात नोंदले गेले.

दुकानांकडे वळताना प्रथम नाव घ्यावे लागते ते नीलसनचे. १८३९ मध्ये विल्यम स्मिथ नीलसन याने सुरू केलेली ही पेढी दक्षिणेतील सर्वांत जुने दुकान म्हणून ओळखली जाते. गावाला मान्यता मिळाल्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेले दुकान युद्ध, आग, कापसाच्या भावाची मंदी आणि १९३० च्या दशकातील महामंदी ओलांडून टिकते, तेव्हा ते गावाच्या पतव्यवहाराचा एक दस्तऐवज बनते. त्या व्यवहाराचा कणा होता उधारी. फॉकनरचेही तेथे खाते होते आणि ते अनेकदा थकलेले असे. थकबाकीच्या तगाद्याला उत्तर म्हणून त्याने दहा डॉलरच्या चेकसोबत धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. जमेल तसे फेडीन, पटत नसेल तर खुशाल फिर्याद करा, असा त्याचा मतलब. दुकानाने फिर्याद केली नाही. पत्र जपून ठेवले.

हा किस्सा वाचून आपण हसतो. पण असे पत्र लिहिण्याची मुभा कोणाला होती, हेही विचारले पाहिजे. १८६७ च्या कायद्याने मिसिसिपीत उभ्या पिकावर तारण घेऊन उधार माल देण्याची पद्धत पक्की झाली होती. वाट्याने जमीन कसणारा शेतकरी, मग तो कृष्णवर्णीय असो वा गरीब गोरा, बियाणे, पीठ, कापड आणि औजारे दुकानदाराकडून वा जमीनमालकाकडून उधारीवर घेई. कापूस निघाला की हिशेब होई. वही दुकानदाराची आणि भावही बहुधा त्याचाच. सावकारी आणि अर्धेलीचे व्यवहार जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. असा शेतकरी 'फिर्याद करा' म्हणू शकत नव्हता, कारण फिर्याद ज्या न्यायालयात जाणार, तेही त्याच चौकात दुकानाच्या समोर उभे होते. 'द हॅम्लेट' (१९४०) मधील व्हार्नरचे दुकान आणि तेथे कारकून म्हणून शिरलेला फ्लेम स्नोप्स हे या व्यवस्थेचे काल्पनिक रूप आहे. पुढच्या 'द टाउन' (१९५७) आणि 'द मॅन्शन' (१९५९) मध्ये हाच फ्लेम जेफर्सनच्या बँकेचा अध्यक्ष होतो. दुकानाच्या गल्ल्यापासून बँकेच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास फॉकनरने दुरून पाहिलेला नव्हता. त्याच्या आजोबांनी १९१० मध्ये ऑक्सफर्डची फर्स्ट नॅशनल बँक स्थापन केली होती, आणि तरुण फॉकनरने तेथे काही काळ हिशेबनिसाचे काम नाखुशीने केले होते. वडिलांनी आधी भाड्याच्या घोडेगाड्यांचा तबेला चालवला, नंतर लोखंडी सामानाचे दुकान.

तबेल्याचा उल्लेख आला म्हणून लिरिक थिएटरची कथा सांगणे आवश्यक आहे. चौकाजवळील ही इमारत मुळात फॉकनर कुटुंबाचा तबेला होती, असे सांगितले जाते. पुढे तिचे चित्रपटगृह झाले, मग ते बंद पडून तेथे कचेऱ्या आल्या, आणि २००८ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी ती पुन्हा खुली झाली. घोडे, चित्रपट, कागदपत्रे, संगीत असा हा एकाच वास्तूचा प्रवास एखाद्या आर्थिक इतिहासाच्या प्रकरणासारखा आहे. ऑक्टोबर १९४९ मध्ये तेथे 'इन्ट्रूडर इन द डस्ट' या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. फॉकनरच्या १९४८ मधील त्याच नावाच्या कादंबरीवर क्लॅरन्स ब्राउनने हा चित्रपट बेतला होता आणि त्याचे चित्रीकरण ऑक्सफर्डमध्येच झाले होते. खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात पडलेला कृष्णवर्णीय शेतकरी ल्यूकस बोशां आणि त्याला ठार मारण्यासाठी जमू लागलेला जमाव हा त्याचा विषय. जमावाच्या दृश्यांत गावातलेच लोक उभे राहिले. ल्यूकसची भूमिका करणारे वानो हर्नांदेझ यांना मात्र गोऱ्यांच्या हॉटेलात राहता येत नव्हते. त्यांची सोय एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी करावी लागली.

हा केवळ अभिनय नव्हता, हे गावातील वयस्कांना ठाऊक असणार. ८ सप्टेंबर १९०८ रोजी नेल्स पॅटन या कृष्णवर्णीय माणसाला एका गोऱ्या स्त्रीच्या खुनाच्या आरोपावरून अटक झाली होती. खटला उभा राहण्यापूर्वीच जमावाने तुरुंग फोडून त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचे प्रेत चौकात टांगले. अमेरिकेच्या सिनेटचा माजी सदस्य विल्यम सुलिव्हन याने या जमावाचे नेतृत्व आपण केल्याचे अभिमानाने जाहीर केले. फॉकनर तेव्हा अकरा वर्षांचा होत होता. १९३५ मध्ये एलवुड हिगिनबॉथम याचा खटला संपून ज्युरी विचारविनिमय करीत असतानाच जमावाने त्याला तुरुंगातून ओढून नेऊन मारले. न्यायालयाची इमारत दोन्ही वेळी जागेवरच होती. 'ड्राय सप्टेंबर' (१९३१) ही कथा किंवा 'लाइट इन ऑगस्ट' (१९३२) ही कादंबरी यांपैकी एखाद्या घटनेची नोंद आहे, असा दावा करणे चुकीचे होईल. परंतु अफवा कशी पसरते, सभ्य माणसे केशकर्तनालयात बसून तिला कसे खतपाणी घालतात आणि हत्येनंतर घरी जाऊन कशी झोपतात, हे त्या लेखनात आहे. चौकातील विटांमध्ये त्याचा मागमूस नव्हता.

'द साउंड अँड द फ्युरी' (१९२९) चा शेवट या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. लस्टर हा कृष्णवर्णीय मुलगा घोडागाडी हाकीत मतिमंद बेंजीला दफनभूमीकडे नेत असतो. चौकातल्या आपल्या लोकांपुढे मिरवण्याच्या नादात तो गाडी पुतळ्याच्या डाव्या बाजूने वळवतो. बेंजी भीषण आक्रोश करू लागतो. जेसन धावत येतो, लस्टरला मारतो आणि गाडी नेहमीच्या उजव्या बाजूला घेतो. दर्शनी भिंती, खांब, दारे, खिडक्या, पाट्या पुन्हा ओळीने सरकू लागतात आणि बेंजी शांत होतो. अनेकदा या दृश्याकडे बेंजीच्या मनाची सुव्यवस्थेची भूक म्हणून पाहिले जाते. तो अर्थ योग्यच आहे. पण सुव्यवस्था परत येते ती लस्टरला बसलेल्या फटक्याने. चौकातील इमारतींचा क्रम ही निरागस गोष्ट नाही. तो क्रम राखण्यासाठी कोणालातरी मार खावा लागतो.

चौकाने आपल्या लेखकावर प्रेम केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या पुस्तकांकडे गाव पाठ फिरवीत असतानाही मॅक रीड हे गॅथराइट-रीड औषधालयाचे चालक ती आपल्या दुकानात ठेवून विकत आणि हस्तलिखितांची पार्सले बांधून देत. एका औषधविक्याची ही वाङ्मयसेवा साहित्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. ७ जुलै १९६२ रोजी फॉकनरची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा चौकातील दुकाने दुपारी दोन ते सव्वादोन अशी पाव तास बंद राहिली. पाव तास हे मोजमाप दुकानदारीला शोभणारेच होते. त्यानंतर तीन महिने होण्याच्या आत, ३० सप्टेंबरच्या रात्री, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून विद्यापीठात दंगल उसळली. दोघांचा बळी गेला आणि गावात सैन्य आले.

पुढच्या काळात साहित्य हाच चौकाचा एक व्यवसाय झाला. फॉकनरने १९३० मध्ये विकत घेतलेले १८४० च्या दशकातील 'रोअन ओक' हे घर विद्यापीठाने १९७२ मध्ये खरेदी केले. १९७९ मध्ये रिचर्ड आणि लिसा हॉवर्थ यांनी 'स्क्वेअर बुक्स' हे पुस्तकांचे दुकान काढले आणि १९८६ मध्ये ते चौकातीलच एका जुन्या औषधालयाच्या जागेत हलवले. औषधालयात पुस्तके विकणाऱ्या रीड यांच्या गावात औषधालयाचेच पुस्तकांचे दुकान व्हावे, हा योग मनोज्ञ आहे. हॉवर्थ पुढे २००१ ते २००९ गावाचे महापौर होते. दुकानदार आणि नगरशासन यांचे जुने नाते पुस्तकविक्रीच्या काळातही टिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि चौकाबाहेरही गाव होते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी जवळच आपली वस्ती वसवली आणि आपली मंडळी स्थापन केली. तिचे १९१० मधील विटांचे चर्च काळाच्या ओघात ओस पडले, दुसऱ्या उपयोगात गेले, आणि अखेर २०१३ मध्ये 'बर्न्स-बेल्फ्री' संग्रहालय म्हणून खुले झाले. हिगिनबॉथमच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये फलक लागला. २०२२ मध्ये न्यायालयाच्याच आवारात काउंटीतील सात झुंडबळींची नावे असलेला फलक उभा राहिला. त्याआधी, २०२० मध्ये, विद्यापीठाने आपल्या आवारातील सैनिकाचा पुतळा दर्शनी जागेवरून हलवला. चौकातील पुतळा मात्र जागेवरच ठेवण्याचा निर्णय काउंटीच्या मंडळाने घेतला. म्हणजे नेल्स पॅटनचे नाव न्यायालयाच्या आवारात यावयास एकशे चौदा वर्षे लागली, आणि ते आले तेव्हा पुतळा तेथे होताच.

'ॲब्सलम, ॲब्सलम!' (१९३६) ला फॉकनरने योक्नापाटॉफाचा नकाशा जोडला आणि आपण तिचे एकमेव मालक असल्याची नोंद केली. त्याच नकाशावर लोकसंख्याही आहे : गोरे ६२९८, कृष्णवर्णीय ९३१३. काल्पनिक काउंटीच्या मालकाने बहुसंख्य कोण हे मोजून लिहिले होते. प्रत्यक्ष चौकातील दुकानांच्या पाट्यांवर, बँकेच्या संचालकांत वा न्यायालयाच्या ज्युरीत ती माणसे दीर्घकाळ नव्हती. प्रादेशिक कादंबरी शिकवताना आपण 'स्थलचित्रण' हा मुद्दा फळ्यावर लिहितो आणि इमारती, वाटा, झाडे यांची यादी करून पुढे जातो. त्या यादीपाशी न थांबता दोन प्रश्न विचारता येतील : या दुकानात उधारी कोणाला मिळत असे, आणि या इमारतीत कोणत्या दाराने कोण जात असे? ऑक्सफर्डच्या चौकाचा इतिहास असे वाचन करावयास लावतो. त्यासाठी वास्तूही लागते, खातेवहीही लागते, आणि या दोहोंनी वगळलेले ऐकू यावे म्हणून कादंबरीही लागते.