आधी काय मोडायचं ते ठरवा

१९९६च्या ‘इंडिपेंडन्स डे’ चित्रपटासाठी व्हाइट हाउसची प्रतिकृती बांधून ती खरोखरच उडवली होती. अशी प्रतिकृती एकदा उडाली की संपलं! संगणकावर मात्र तोच स्फोट हवा तितक्या वेळा करता येतो. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरला त्यासाठी प्लगइनची जोड देतात.

यात मुख्य वाटा दोन. एकीत वस्तूचे तुकडे आधीच पाडून ठेवतात. त्यासाठी गणिती व्होरोनोय यांनी १९०८मध्ये अभ्यासलेली जागेच्या विभागणीची रीत कामी येते. मग ‘बुलेट’सारखी प्रणाली ते तुकडे एकमेकांवर आदळवते. दुसरी वाट जेम्स ओब्रायन आणि जेसिका हॉजिन्स यांनी १९९९मध्ये दाखवली. तीत पदार्थातल्या ताणाचं गणित मांडतात. तडा कुठं जाणार, हे तो ताणच ठरवतो. ही वाट वेळखाऊ. २०१५मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं ‘बुलेट’चे कर्ते एर्विन कूमन्स आणि ओब्रायन या दोघांनाही तांत्रिक पुरस्कारांनी गौरवलं.

म्हणून प्लगइनची किंमत मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मोडायचं काय आहे? दूरवर कोसळणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीला तयार तुकडे पुरतात. लाकडाची फळी मात्र आधी वाकते, मग चिरफाळते. तिला ताणाचं गणितच हवं. एखादी ओली काडी मोडून पाहा, फरक हातालाच कळेल.