पोपची वाइन, तगरची वाट आणि आपलं सीताफळ

आजचा विषय घरी सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "वाइन? आणि बीडमध्ये?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात आपल्या अंगणापासून करू.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. भडोचच्या बंदरात काय उतरतं, हे सांगताना तो आरंभच वाइनपासून करतो. इटलीची सर्वांत पसंतीची, शिवाय लाओडिकेयाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाइन वेगळी. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जाई. नकाशावर पैठण आणि तेर रेघेने जोडून बघा, रेघ बीड शहराच्या जवळून जाते. नेवाशाला सांकलियांच्या 1954 ते 1956 च्या उत्खननात रोमन वाइनच्या रांजणांचे तुकडे मिळाले. गाड्या परतताना रिकाम्या येत नसणार, हा आमचा तर्क.

लक्षात घ्या, त्या व्यापाऱ्याने वाइनला ओळख दिली ती गावाची, मुलखाची. हीच गोष्ट पुढे फ्रान्सने कायद्यात बसवली.

ऱ्होन नदीच्या काठी शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ पोपचा नवा किल्ला. 1309 ते 1377 पोप रोम सोडून जवळच्या आव्हिन्यॉंत राहिले, त्यातल्या बाविसाव्या जॉनने हा किल्ला बांधला. तिथल्या मळ्यांत बटाट्याएवढे, काही त्याहून मोठे गुळगुळीत गोटे पसरलेले असतात. दिवसा ते तापतात, रात्री वेलीला ऊब देतात. मुख्य द्राक्ष ग्रनाश. लाल वाइन जड, उष्ण, पिकल्या स्ट्रॉबेरीची, मागून मिरी आणि रानातल्या सुगंधी झुडपांची चव. मद्यार्क साडेबारा टक्क्यांच्या खाली चालत नाही, बहुधा चौदाच्या आसपास. तिथले लोक ती मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या मेंढीच्या मटणाबरोबर घेतात. आपल्या येसर घातलेल्या झणझणीत रश्श्याबरोबर मात्र जमणार नाही. तिखटाने मद्यार्काची आग दुप्पट वाटते, आणि दोन्ही चवी मरतात.

या वाइनचं दुःख असं, की ती पिंपांतून दुसरीकडे जाई आणि तिथल्या पातळ वाइनला बळ देण्यासाठी मिसळली जाई. नाव दुसऱ्याचं, अंग हिचं. उलट या गावाचं नाव लावून भलतीच वाइनही खपे. तेव्हा गावातले ल रुआ नावाचे एक बॅरन, पेशाने वकील, पहिल्या महायुद्धात वैमानिक, पुढे झाले. 1923 साली नियम झाले. हद्द कशी ठरवली? जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपं उगवतात, तेवढीच जमीन आपली. सरकारी मोजणीपेक्षा हे आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. देशाचा कायदा 1935 चा, म्हणजे गाव बारा वर्षं आधी. (याच गावाने 1954 साली उडत्या तबकड्यांना मळ्यांत उतरायला बंदी घातली होती, बरं का!)

आमचे वैशेषिक म्हणतात, रस हा पृथ्वी आणि जल यांचा गुण. पाण्यात फक्त मधुर, सहाही रस पृथ्वीतच. मातीची चव जिभेला कळते, हे त्यांना फ्रेंचांनी शिकवावं लागलं नाही.

आता बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर या. धारूर, अंबाजोगाईकडचं सीताफळ. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, कागद झाला. पण पुण्याच्या बाजारात आम्ही क्रेटवर बीडचं नाव शोधत फिरलो, ते सापडलं नाही. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "गावरान आहे, काका." कुठल्या गावचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

इथे दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाही. शातोनफची बाटली दहा वर्षं तळघरात भावाची वाट बघू शकते. सीताफळ डोळे उघडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. त्या दोन दिवसांत शेतकरी भाव बघेल की नाव?